सबमिशनची रात्र आणि १३७

सबमिशनच्या रात्री आपल्या डिपार्टमेंटची साइट झोपते, ही गोष्ट मेसमधल्या पातळ वरणाइतकीच जुनी. सर म्हणणार, "तुम्ही सगळे शेवटच्या तासाला अपलोड करता." पोरं म्हणणार, "सर्व्हरच भंगार आहे." आणि उशिराचे मार्क कापले जाणार ते पोरांचेच! यंदा मी आणि माझ्या रूम पार्टनरने ठरवलं, नक्की मरतंय काय ते तरी बघू.

साइट लॅबमधल्या तीन जुन्या मशिन्सवर कुबरनेटीसमध्ये चालते. (ग्रीक भाषेत कुबरनेटीस म्हणजे सुकाणू धरणारा, गूगलने २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला.) कंटेनर मेला की हा सुकाणूवाला तो गुपचूप पुन्हा उभा करतो. सोय झकास, पण गोम इथंच... मेला कशाने, ते कुणाला कळतच नाही!

म्हणून प्रोमिथियस आणि ग्राफाना. हेल्मच्या एका कमांडमध्ये दोन्ही येतात. प्रोमिथियस (जन्म २०१२, साउंडक्लाउड कंपनीत) ठरावीक वेळाने प्रत्येकाच्या दारात जाऊन आकडे विचारतो, अगदी हजेरी घेणाऱ्या रेक्टरसारखा. ग्राफाना त्यांचे आलेख काढतो. एक सांगून ठेवतो मंडळी, इन्स्टॉल करतानाच डिस्कची जागा लिहून द्या. नाहीतर पॉड नव्याने तयार झाला की जुनी हजेरी साफ!

शुक्रवारी रात्री अकराला लॅब असिस्टंट मामांनी चावी दिली, वर दम दिला, "बारानंतर कुलूप!" स्क्रीनवर सीपीयूची रेष निवांत. नेटवर्कवरची गर्दीही बेताचीच. मेमरीची रेष मात्र जिन्यासारखी चढत होती, एक पीडीएफ, एक पायरी. ५१२ एमबीच्या मर्यादेला टेकली की धाडकन खाली! कारण पाहिलं तर 'ओओएमकिल्ड', कोड १३७. म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा लिनक्सचा 'जागेवरच ठार' सिग्नल. पीडीएफ तपासणारा भाग घेतलेली मेमरी परत सोडतच नव्हता. पोरं दुपारी अपलोड करोत की रात्री, ठरलेल्या पायरीवर तो मरणारच होता.

सोमवारी आलेख छापून सरांकडे नेला. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मस्टर काढलं आणि कापलेले मार्क परत लिहायला घेतले.

"सर, मागच्या सेमिस्टरचे?" पार्टनरने विचारलं.

"त्याचा आलेख आहे का?"

नव्हता. तेव्हा प्रोमिथियसच नव्हता आपल्याकडे. पार्टनरचे त्यात चार मार्क गेलेत.