माझ्या नावे

आमच्या पेढीवर तीन पिढ्या एकच भांडवल सांगितले जाते, ते म्हणजे नाव. कल्याणच्या बाजारात आजोबांच्या शब्दावर गुळाच्या ढेपा उतरत, कागद मागाहून येई. त्याच नावाच्या धाकाने मी अनेक वर्षे चोरून प्यालो. पाठशाळेत सप्त व्यसने तोंडपाठ म्हणणारा मी गोदामात गोण्यांमागे बाटली ठेवीत असे. घरी चोविहाराची वेळ टळली की "वसुलीला गेलो होतो" हे उत्तर ठरलेले होते.

एका चातुर्मासात पत्नीच्या आग्रहावरून महाराजसाहेबांसमोर आजीवन त्यागाचे पच्चक्खाण घेतले. ते अकराव्या दिवशी मोडले. व्रतभंगाची लाज एवढी झाली की ती विसरण्यासाठी पुन्हा बाटलीच जवळ केली. त्यानंतर उपाश्रयात जाणेही सोडले.

शेवटी पत्नीनेच मला डॉक्टरांकडे नेले. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर हात कापतात, काहींना आकडी येते, भ्रम होतो, प्रसंगी जीवावरही बेतते. म्हणून पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीत काढावे लागतात, हे मला तेथे कळले. (घरातल्या घरात कोंडून "सोडवणाऱ्या" कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.) औषधे संपताना डॉक्टर म्हणाले, "शरीराचे मी पाहिले. आता आपल्यासारख्यांमध्ये जाऊन बसा." आणि त्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे नाव सांगितले.

समूह डोंबिवलीतही होता, घरापासून चालत जाता येईल इतका जवळ. मी मुद्दाम ठाण्याचा निवडला, कारण तेथे मला कोणी ओळखणार नव्हते. शाळेच्या एका वर्गात पंधरा-वीस माणसे बाकांवर बसली होती. एकेक जण पुढे येऊन फक्त पहिले नाव सांगे आणि म्हणे, "मी मद्यपाशी आहे." आडनाव, जात, धंदा कोणी विचारीत नव्हते. फी नव्हती. दारू सोडण्याची इच्छा हीच प्रवेशाची एकमेव अट. तिसऱ्या सभेला माझ्या पुढच्या बाकावर आमच्याच बाजारातील एक दलाल दिसले. मी उठून जाणार, तोच त्यांनी हळूच सरकून जागा केली. बाजारात त्यांनी आजवर या भेटीचा उल्लेख केलेला नाही.

या संस्थेच्या मुळाशी एक फसलेला सौदा आहे, हे व्यापारी वाचकांना विशेष वाटेल. 1935 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर दलाल व्यवहारासाठी अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. व्यवहार बिघडला आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि आपल्यासारखा दुसरा मद्यपाशी शोधू लागला. त्याला बॉब हा शल्यविशारद भेटला. बॉबने 10 जूनला शेवटचा पेला घेतला. तोच संस्थेचा स्थापना दिवस मानतात.

दोन महिने मद्याविना गेल्यावर माझा शेठपणा उफाळून आला. मी अकरा हजार रुपये देऊ केले, भिंतीवर बापूजींच्या नावाची तकती लावावी एवढीच इच्छा. वर्गात हशा पिकला. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "शेठ, इथे नावाला भाव नाही. थैली फिरेल तेव्हा इतरांसारखे चहापुरते टाका." देणगी परत येण्याचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

तेथे आजीवन शपथ कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस, एवढेच. मला आपली नवकारसी आठवली. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांचे पच्चक्खाण, तेही पच्चक्खाणच. तेव्हापासून सकाळी नवकारसीबरोबर त्या एका दिवसाचे मद्यही सोडतो. सात महिन्यांनी एका लग्नात घसरलो. परत गेलो, तेव्हा कोणी हिशेब मागितला नाही, मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

बारा पायऱ्यांपैकी आठवीत, आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करायची असते. नववीत, त्यांचे आणखी नुकसान होणार नसेल तर, समक्ष भरपाई करायची असते. संवत्सरीला मी तीनशे जणांना "मिच्छामि दुक्कडम्" पाठवीत असे. आमच्या जुन्या गुमास्त्याचा क्रमांक त्या तीनशेंत कधीच नव्हता. गल्ल्यातील अठरा हजार चारशे रुपये मी उचलले होते आणि चोरीचा आळ त्याच्यावर ठेवून त्याला काढले होते.

तो टिटवाळ्याला राहतो. थकलेला पगार आणि वर काही रक्कम घेऊन मी गेलो, खरे ते सांगितले. त्याने पाणी दिले. पैसे मोजून घेतले. माफ केले असे तो म्हणाला नाही. निघताना त्याने विचारले, "शेठ, वहीत ती तूट अजून माझ्याच नावे आहे का?"

होती. त्या रात्री मी मोठ्या भावांसमोर वह्या काढल्या. आमच्या पेढीवर वहीत खाडाखोड करीत नाहीत, उलट नोंद करतात. रक्कम त्याच्या खाती जमा केली, माझ्या नावे टाकली. तपशिलात काय लिहू, असे भाऊंनी विचारले. मी म्हणालो, "गल्ल्यातून दारूसाठी घेतले." ते बराच वेळ पेन धरून बसले, मग त्यांनी तसेच लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या पानाची छायाप्रत मी टिटवाळ्याला पोहोचवली.

(अ‍ॅनॉनिमसच्या परंपरेनुसार लेखकाचे नाव दिलेले नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे समूह असतात. केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी : 14446.)