खालचा स्वर

भरतमुनींनीं वाद्यांचे वर्ग चार केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. देश अथवा जाति पाहून त्यांनीं वर्ग पाडले नाहींत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. गायन, वादन आणि नाट्य यांचा मेळ अलातचक्रासारखा असावा, असेंहि नाट्यशास्त्रांत सांगितलें आहे. पेटलेलें कोलीत गरगर फिरविलें कीं अखंड वर्तुळ दिसतें. कोलीत वेगळें दिसत नाहीं.

हें शास्त्र आठवण्यास कारण घरगुती घडलें. आमच्या नातवानें दहा वर्षें तबला शिकून आतां बेस गिटार धरिली आहे, व त्या विद्येसाठीं चंद्रपूर सोडून मुंबईस जाण्याची तो परवानगी मागतो. बेस म्हणजे चार जाड तारांचें, खर्जांत बोलणारें वाद्य. आमचे वडील बंधु दादा म्हणाले, "हें गात नाहीं, बोलत नाहीं, नुसतें घुमतें. यास विद्या म्हणावें काय?" घरांतील स्त्रियांस चिंता पोटापाण्याची. ती खरी आहे, आणि तिचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं. दादांच्या प्रश्नाचें मात्र आहे.

त्रिलोक गुर्टू यांची 'उस्फ्रेट' ही १९८८ सालची ध्वनिमुद्रिका नातवानें सर्वांस ऐकविली. त्रिलोकांच्या मातोश्री म्हणजे बेळगांवीं जन्मलेल्या, ठुमरीच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू (१९२५–२००४). येथें त्या स्वतः गातात. राल्फ टाउनर यांची गिटार, एल. शंकर यांचें व्हायोलिन, डॉन चेरी यांचा ट्रंपेट, आणि स्वीडनच्या योनास हेलबोर्ग यांचा बेस. त्रिलोक तबल्याच्या जोडीस ड्रम वाजवितात, तेहि गुडघा टेकून. घणघणती थाळी पाण्याच्या बादलींत बुडवून तिचा स्वर वांकवितात. भरताचे चारहि वर्ग हजर! शोभाताईंनीं आपला ढंग रतिभरहि सोडलेला नाहीं. पहिल्या गीताचें 'शोभारॉक' हें नांव मात्र आम्हांस घांसांतील खड्यासारखें लागलें.

व्हायोलिन परकी म्हणावें, तर वाईचे वि. गो. जोग आणि गजाननबुवा जोशी यांनीं काय वाजविलें? आमच्या आजोबांनीं डोक्यावर घेतलेल्या संगीत नाटकांत ऑर्गन कोठून आला?

नातवानें मग एक युक्ति केली. यंत्राची कळ फिरवून खालचे स्वर अगदीं दाबले व तेंच गीत पुन्हां लाविलें. सर्व वाद्यें होतीं, गळा होता, पण सारें अधांतरीं. दादांच्या भजनामागें तंबोरा असतो. त्याची खर्जाची तार कोणी मुद्दाम ऐकत नाहीं, गाणारा मात्र तिच्यावरच उभा असतो. दादा कांहीं वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चढव तें परत."

गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुराहून वेगळा झाला. त्यानंतर कांहीं वर्षें आम्ही भामरागडाकडे मास्तर होतों. माडिया पाड्यांवर रात्रीं रेला रंगे. रानवाटेनें जातांना गीताचे शब्द ऐकूं येत नसत. ढोलाचा घुमारा आधीं येई, आणि गांव कोणीकडे तें त्यावरून कळे.

नातवानें जूनमध्यें जावयाचें ठरलें आहे. एका वर्षाचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनांतून. पुढचें त्याचें त्यानें पाहावें. तबला बरोबर न्यावयाचा, असें दादांनीं बजावलें आहे.