काट्यावर जाऊ नका

संपादकांनी फोनवर सांगितलं, "जुन्या मोटरसायकलींच्या व्यवहारातल्या लपवाछपवीवर लिहा, पण आमच्या वाचकांना झेपेल असं." मी विमा कंपन्यांसाठी वाहनांचं नुकसान ठरवणारा सर्व्हेअर. नांदेड-लातूर हा माझा टापू. आमचे अहवाल फार तर कंपनीचा क्लेम मॅनेजर वाचतो, तोही शेवटचा आकडा आधी बघून. त्यामुळे झेपेल असं लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

विषय मात्र डोक्यात आधीपासून होता. ऑगस्ट २०२५मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, हसनाळ-रावणगावात रात्रीतून पाणी शिरलं. त्या दिवसांत तपासलेली एक दीड वर्षाची मोटरसायकल मी 'टोटल लॉस' म्हणून लिहिली होती. पाडव्याच्या तोंडावर शेजाऱ्यांच्या मुलासाठी गाडी बघायला लातूरला गेलो, तर एका ऑटो कन्सल्टंटच्या दारात तीच उभी. नंबर एमएच-२६चा, चेसिसवरचे आकडेही तेच. टाकीला पॉलिश, सीटला नवं कव्हर, हँडलला झेंडूचा हार. "मास्तरांची गाडी आहे काका, घर ते शाळा, बस!" मी हेडलाइटच्या काचेत डोकावलो. आतल्या बाजूला बोटभर उंचीवर मातीची बारीक रेघ होती. हॉर्न खोलायला लावला, उलटा करून ठोकला, तर वाळलेला काळा गाळ पडला. विक्रेता शांतपणे म्हणाला, "पावसात सगळ्याच गाड्या भिजतात की, सर."

भिजणं वेगळं आणि बुडणं वेगळं. बुडालेल्या गाडीत एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे घाबरून कुणी सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. ऑइल दुधाळ होतं. तेही दुरुस्त होईल. खरं दुखणं वायरिंगचं. कनेक्टरच्या पितळी पिना हळूहळू हिरव्या पडतात आणि सहा महिन्यांनी, भर रस्त्यात, गाडी आपोआप बंद पडते. मेकॅनिक प्लग बदलतो, मग कॉइल बदलतो, पैसे घेतो. बेअरिंगमधला गाळ तर आणखी सावकाश काम करतो.

आता टोटल लॉस. हे मला सविस्तर सांगू द्या, कारण यावरून माझं सगळ्यांशी वाजतं. समजा नव्या गाडीची किंमत ९० हजार. दीड वर्षाच्या गाडीला २० टक्के घसारा, म्हणजे विम्यातली घोषित किंमत ७२ हजार. दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ५४ हजारांवर गेला, की गाडी टोटल लॉस. नवीन वायरिंग, ईसीयू, मीटर कन्सोल, इंजिन खोलणं, सगळे सुटे भाग कंपनीचे धरले की हा आकडा सहज गाठला जातो. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा भंगाराच्या बोलीत जातो. घेणारा मात्र कंपनीचे भाग कशाला टाकेल? जुनी वायरिंग, वाळवलेला ईसीयू, हातपंपावर धुतलेलं इंजिन. थोडक्या पैशांत गाडी उभी राहते आणि सणाच्या दिवशी हार घालून विकली जाते.

मग आरसी रद्द का होत नाही? मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की वाहन नष्ट झालं किंवा वापरायला कायमचं निकामी झालं, तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवावं. पण टोटल लॉस हा पैशांचा हिशेब आहे. गाडी कायमची निकामी झाली असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं. या फटीतून आरसीसकट गाड्या बाहेर पडतात. अहवालात मी शेवटी दोन ओळी यावर लिहीत आलो. "सर, तुमचं काम नुकसान मोजायचं," असं उत्तर मिळतं. तेही खरंच.

बरं, माझ्या टेबलावर येतात त्या गाड्या तरी कितीशा? नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा पहिल्या वर्षानंतर आपल्याकडे सहसा कुणी चालू ठेवत नाही. "इन्शुरन्स आहे ना!" म्हणून लोक निवांत असतात, पुराच्या नुकसानीला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. अशी गाडी मालक स्वतःच धुऊन एजंटाला देतो. तिची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

आणि गिऱ्हाईक विचारतं काय? "काटा किती? अ‍ॅव्हरेज काय? एका हाताची आहे का?" काट्यासारखी बेभरवशाची वस्तू नाही. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाची केबल सोडली की काटा थांबतो. डिजिटलमध्ये आकडा बदलून मिळतो, नाहीतर कन्सोलच बदलतात. त्यापेक्षा गिअरच्या पायपट्टीचं रबर आणि मागच्या चक्राचे दात बघा. ते खोटं बोलत नाहीत. एमपरिवहनवर कितवा मालक, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. बुडाली होती का, ते तिथं दिसत नाही.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लेख लिहिला: विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, म्हणून चांगला माल बाजारातूनच हटतो. त्यात मुद्दाम खडे मिसळलेले तांदूळ निवडणाऱ्या भारतीय गृहिणीचाही दाखला आहे. पुढे २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्याकडेही हेच होतं: चांगली गाडी भाऊबंदांत, ओळखीत जाते, उरलेली विक्रेत्याच्या दारात येते. प्रामाणिक विक्रेत्याने "बुडालेली आहे" म्हटलं, तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. म्हणून सगळा दोष मी विक्रेत्यावर टाकत नाही.

१ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी ताब्यात आल्याची सूचना दिली की तो मानीव मालक ठरतो. नियम चांगला आहे, पण मालकी बदलाच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेणं अजून चालूच आहे. विकणाऱ्यांनो, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा २०१८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा: आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच.

घेणाऱ्यांना एकच विनंती. पैसे देण्याआधी बिलावर विक्रेत्याच्या हाताने एक ओळ लिहून सही घ्या: 'ही गाडी पाण्यात बुडालेली नाही व तिचा टोटल लॉस क्लेम झालेला नाही.' पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर तोंडी बोलण्यापेक्षा तीच कामी येईल. लिहून द्यायला तो तयार नसेल, तर गाडी तिथंच सोडून या.