शेवटची डिस्क

निळा दिवा विझला की पेशंट खुर्चीतून उठायला लागतो. सुरतेजवळच्या चलथाणात तर हमखास. आसपासच्या डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी. त्यातून वेळ काढून माणूस दाढेत ‘मसाला’ भरायला आलेला असतो आणि मसाला तर आता घट्ट झालाय. त्याच्या लेखी काम संपलं. माझ्या लेखी निम्मंच झालेलं असतं.

हा मसाला म्हणजे कॉम्पोझिट. नुकत्याच घट्ट झालेल्या कॉम्पोझिटला हात लावला तर वर किंचित चिकटपणा असतो. हवेतला ऑक्सिजन वरच्या थरातलं रेझिन पुरतं जुळू देत नाही. मायलरची पट्टी दाबून प्रकाश दिला तर पृष्ठभाग लखलखीत निघतो, नवशिका डॉक्टर त्यावर खूश होतो. पण तिथं वरवर नुसतं रेझिन साचलेलं असतं. ते लवकर झिजतं, चहा-माव्याचा रंग पितं. म्हणजे सर्वांत गुळगुळीत थर आपणच घासून टाकायचा आणि मग पुन्हा त्या गुळगुळीतपणाच्या जवळपास पोचायची धडपड करायची, असा हा उफराटा उद्योग आहे.

रे बोवेन यांना अमेरिकेत या रेझिनचं पेटंट १९६२ साली मिळालं. सुरुवातीच्या कॉम्पोझिटमध्ये क्वार्ट्झचे मोठाले कण असत, १० मायक्रॉनचे, कधी त्याहून बरेच मोठे. कितीही घासा, मऊ रेझिन आधी झिजे आणि कण डोकी वर काढून बसत. आता २० नॅनोमीटरचे कण असलेला मालही मिळतो. तरी खरखरीत फिलिंगं दिसतातच. दोष मालाचा कमी, घाईचा जास्त.

निळ्या कागदावर चावायला लावून उंचवटे आधी काढायचे, कारण पॉलिश झाल्यावर घासायचा बर फिरवला तर सगळं मुसळ केरात. मग बारीक डायमंड बर, मग अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क जाडीपासून अतिबारीकपर्यंत, शेवटी रबर कप आणि पेस्ट. प्रत्येक डिस्कचं काम एवढंच, की आधीच्या डिस्कचे ओरखडे पुसायचे. मधली एक गाळली तरी शेवटी चमक येते. वाळला दात दिव्याखाली झकास दिसतो. ओरखडा मात्र चमकेखाली तसाच.

कडोदऱ्याला राहणारा, वराछ्याला हिरे घासायच्या घंटीवर बसणारा एक पेशंट तोंड उघडं ठेवून हे सगळं निरखत होता. चूळ भरल्यावर त्यानं विचारलं, “साहेब, नंबर बदलताना मधे धुता ना?” बारीक पावडरीत जाड पावडरीचा एक कण राहिला की हिऱ्याच्या पैलूवर रेघ उठते, हे त्याला कारखान्यात पहिल्यांदा शिकवलेलं. आमच्या पुस्तकांतही हे लिहिलेलं असतं, पण वाचून सोडून देण्याइतक्या बारीक ओळीत. हल्ली मी असिस्टंटला हीच गोष्ट हिऱ्यावरून समजावतो. सुरतेत ती लगेच कळते.

१९९७ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी खरखरीतपणाची एक मर्यादा सांगितली: ०.२ मायक्रॉन, मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. त्याच्या वर गेलं की जंतूंचा थर जास्त साचतो. माझ्याकडे ते मोजायचं यंत्र नाही. पेशंटकडे जीभ आहे, आणि अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा फरक तिला कळतो. म्हणून मी आरसा देण्याआधी जीभ फिरवायला सांगतो. खानदेशातून इथं स्थायिक झालेल्या, मिश्री लावणाऱ्या एक मावशी बराच वेळ चाचपून म्हणाल्या, “आते जीभले काही लागत नही.” मिश्री मात्र सोडायला तयार नव्हत्या, कडेशी काळी रेघ दिसली की पुन्हा या, एवढ्यावर तह झाला.

पुढच्या दातांचं तंत्र निराळं. कोवळ्या वयातल्या दातावर आडव्या बारीक रेघा असतात, वय वाढेल तशा त्या झिजतात. कॉलेजातल्या मुलीचा दात सपाट घोटला तर तो आजीचा दिसतो. तिथं बरनं रेघा आधी ओढायच्या आणि मऊ ब्रशनं त्या न पुसता चमक आणायची. पोरं ही कला व्हिडिओ बघून शिकतात आणि हमखास जास्त रेघा ओढतात.

काहींचं मत असं की पॉलिश दुसऱ्या दिवशी करावं, कारण कॉम्पोझिट २४ तास घट्ट होतच असतं. मत रास्त आहे. पण नुसत्या पॉलिशसाठी एक खाडा कोण करणार? मी त्याच बैठकीत उरकतो, पाण्याच्या फवाऱ्याखाली, हलक्या हातानं. आणि पॉलिशचे पैसे वेगळे लावत नाही. कागदावर ती ओळ स्वतंत्र दिसली, की घासाघीस तिथूनच सुरू होते.