दयेचे द्वार

बायबलचा वाङ्मयीन परिचय करून देताना आम्ही कित्येक वर्षे एक ठेवणीतले वाक्य वर्गात वापरीत आलो : जुन्या कराराचा देव न्यायनिष्ठुर व कोपिष्ट, नव्या कराराचा देव प्रेमळ व क्षमाशील. वाक्य सुटसुटीत होते. उत्तरपत्रिकांतून ते जसेच्या तसे आमच्याकडे परत येई. एके दिवशी तास संपल्यावर एक बेने इस्रायली विद्यार्थिनी मागे थांबली. "सर, मुंबईतल्या आमच्या सर्वांत जुन्या सिनेगॉगचे नाव 'दयेचे द्वार' असे आहे," एवढेच म्हणून ती निघून गेली.

सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली स्थापिलेले हे प्रार्थनास्थळ मांडवी भागात आजही उभे आहे. त्याच्या नावातील 'रहमीम' ह्या हिब्रू शब्दाचे नाते 'रेहेम' म्हणजे गर्भाशय ह्या शब्दाशी आहे. ज्या देवाला आम्ही कोपिष्ट म्हणत होतो, त्याच्या दयेला त्याच्याच भाषेत आईच्या उदराची ऊब होती. आम्ही खजील झालो आणि पुन्हा वाचावयास बसलो.

'निर्गम' ह्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात, सोन्याच्या वासराच्या प्रकरणानंतर, देव मोशेला आपले गुण स्वतःच सांगतो. दया व सहनशीलता आधी येतात, शिक्षा मागून. दोषीला तो तसाच सोडणार नाही, हे सांगताना 'निर्दोष ठरविणे' हे हिब्रू क्रियापद जोरासाठी दोनदा आले आहे, आणि नकार त्या दोहोंच्या मध्ये. ज्यू प्रार्थनेत मात्र हा उतारा पहिल्या क्रियापदावरच थांबतो. नकार गळून पडतो आणि देव क्षमा करणारा उरतो! पश्चात्ताप करणाऱ्यास तो सोडतो, न करणाऱ्यास नाही, असा अर्थ तालमूदमध्ये लावलेला आहे. काटछाटीतून केलेली ही टीका कोणत्याही समीक्षकाला हेवा वाटावा अशी आहे.

तेव्हा भेद प्रेम आणि क्रोध यांतला नव्हे; तो प्रेमाच्या दोन कल्पनांतला आहे. ज्यू परंपरेत देवाचे प्रेम कराराचे रूप घेते. सायंप्रार्थनेत 'शमा'च्या आधी त्या प्रेमाची आठवण केली जाते, आणि त्याचा पुरावा म्हणून तोरा व आज्ञा यांचेच नाव घेतले जाते. नियम हीच प्रेमाची देणगी. अशा नात्यात भक्ताला वादही घालता येतो. सदोम नगरीसाठी अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत घासाघीस करतो, आणि देव ती ऐकून घेतो.

ख्रिस्ती परंपरेत, विशेषतः पौलाच्या पत्रांत, प्रेम माणसाच्या पात्रतेची वाट पाहत नाही. पापी पापातच असताना ते त्याच्यासाठी मरण पत्करते. तेथे नियमशास्त्र पापाची जाणीव करून देते, तारण मात्र कृपेने होते. एकाला प्रेम चालावयाची वाट दाखविते, दुसऱ्याला ते पडलेल्या जागेवरून उचलून घेते. ह्यांतले एक दुसऱ्याची अपुरी आवृत्ती मानणे हा वाचनाचा आळस आहे.

तो आळस निरुपद्रवीही नाही. दोन करारांचे दोन निराळे देव मानणाऱ्या मार्किओनला रोमच्या चर्चने इ. स. १४४ च्या सुमारास बाहेर काढले. त्याचे वाक्य मात्र मागे राहिले. दयाहीन देवाचे दयाहीन लोक, ह्या समजुतीने युरोपातील ज्यूंचे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. ज्यू लोक देवाने टाकलेले आहेत असे मांडू नये, हे व्हॅटिकनच्या परिषदेने स्पष्टपणे सांगावयास १९६५ साल उजाडले. आमच्या सुटसुटीत वाक्याला हा सारा वारसा चिकटलेला होता आणि आम्ही तो परीक्षेचे उत्तर म्हणून वाटीत होतो.

आता आम्ही त्या तासाला 'योना'चे पुस्तक घेतो. ख्रिस्ती वाचकाला माशाच्या पोटातले तीन दिवस पुनरुत्थानाची खूण वाटतात. ज्यू लोक हेच पुस्तक योम किप्पूरच्या दुपारी, उपासाच्या दिवशी, पश्चात्तापाचा पाठ म्हणून वाचतात. निनवे वाचली म्हणून रुसलेल्या संदेष्ट्याला देव अखेर विचारतो, की एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांची आणि पुष्कळ गुराढोरांची कणव मी करू नये काय? योनाचे उत्तर पुस्तकात नाही. वर्गातही आम्ही ते सांगत नाही.