प्रश्न कुणी विचारायचा?

परवा आठवीच्या मराठीच्या तासाला एका मुलाने निबंध वाचून दाखवला. शेतात ठिबक आले ते पोकरातून, आणि पोकराला पैसा जागतिक बँकेने दिला, असे त्यात होते. वाचून झाल्यावर त्याने विचारले, ‘‘मॅडम, ही बँक जळगावात कुठे आहे?’’

वर्ग हसला, मीही हसले. म्हटले, ‘‘ती वॉशिंग्टनला आहे. आणि तो पैसा म्हणजे कर्ज आहे.’’

‘‘फेडणार कोण?’’

‘‘सरकार. म्हणजे आपणच.’’

‘‘मग आपल्याला विचारलं होतं का?’’

आता कुणी हसले नाही.

मला मणिबेली आठवली. माझे बालपण धुळ्याचे. अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यात महाराष्ट्राची ३३ गावे बुडणार होती, ती याच दोन तालुक्यांतली.

१९८९ मध्ये मेधा पाटकर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली. बँकेत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा, आणि त्या पैशाला काँग्रेसची मंजुरी लागते. त्यामुळे तिथल्या सदस्यांनी प्रश्न विचारले की बँकेला ऐकावे लागते. पुढे बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली. तिने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले, आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. लोकांच्या तक्रारी तपासणारे मंडळही बँकेने त्याच वर्षी स्थापन केले. त्यामागेही काँग्रेसचा रेटा होता.

धरण मात्र थांबले नाही. मणिबेली बुडाली.

ज्यांना मणिबेलीच्या एकाही माणसाने मत दिले नव्हते, त्यांनी प्रश्न विचारले. आणि आपण ज्यांना मत देतो ते? राज्यघटनेच्या कलम २९२ नुसार संसदेने घातलेल्या मर्यादेत केंद्र सरकार कर्ज घेऊ शकते. प्रत्येक करार मंजुरीसाठी सभागृहापुढे यावाच लागतो असे नाही. पण प्रश्नोत्तराचा तास आहे. तिथे विचारता येते.

फक्त त्यांना ‘विचारा’ असे सांगणार कोण? खरे सांगते, मी आजवर लोकप्रतिनिधींकडे दोनदाच गेले. एकदा स्नेहसंमेलनाचे निमंत्रण घेऊन, एकदा बदलीसाठी शिफारस मागायला.

या आठवड्यात वर्गात औपचारिक पत्र शिकवायचे आहे. दरवर्षी मुले मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहितात. यंदा खासदारांना लिहितील: पोकराचे कर्ज किती, ते कधीपर्यंत फेडायचे, आमच्या गावात त्यातून काय झाले?

‘‘मॅडम, ‘आदरणीय’ लिहू की ‘माननीय’?’’ त्याच मुलाने विचारले.

‘‘माननीय लिही. पण प्रश्न गाळू नकोस.’’