दोन पोपट आणि एक शेपूट

दोन अख्खे पोपट आणि तिसऱ्याची शेपूट. एवढंच होतं त्या तुकड्यावर. पाचएक इंच लांब, दोन बोटं रुंद. मुनिया काठाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसमधून उरलेला. चौदा वर्षं झाली, पण तो तुकडा आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो. पैठणीचा रंग मात्र आठवून सांगावा लागतो. वांगी असावा.

2011 चा मे महिना, ऐन लग्नसराई. आम्ही मिरजेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. हे कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचे, सासूबाई गावी. लग्नाआधी मी आयटीआयला वर्षभर शिवणकाम शिकले होते, मशीन माहेरून आलं होतं. थोरली चार वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या गल्लीत घरी ब्लाउज शिवणाऱ्या आणखी तिघी होत्या.

काम कसं चालायचं ते मात्र सांगते, कारण 'बरंय तुमचं, घरी बसून चार पैसे' असं म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही. मशीनला मोटर बसवली तेव्हा माझा एक पाय मोकळा झाला. त्या पायाच्या अंगठ्याला धाकट्याच्या झोळीची दोरी. उजव्या पायानं मोटर दाबायची, डाव्यानं झोका द्यायचा. लाइट गेली की मोटरचा पट्टा काढायचा, पायावर मशीन मारायचं आणि पोरगं रडायला मोकळं. काळं कापड दिवसा शिवायचं, कारण रात्री टाके दिसत नाहीत. पांढरं रात्री, कारण दिवसा त्यावर कुणाचा तरी आमटीचा हात लागणारच. हुक लावायचे ते मुलं झोपल्यावरच. ब्लाउजला सहा हुक, म्हणजे डबीच्या झाकणात सहा मोजून घ्यायचे. पाचच लागले आणि झाकण रिकामं दिसलं, तर सहावा सापडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक माझ्याकडे होतं. ते रोज रात्री फरशीवरून फिरवायचं. टाचण्या, मोडक्या सुयांची टोकं, कधी रुपयाचं नाणंही चिकटून यायचं. नवीन काम सुरू करणाऱ्या मुलींना मी कात्रीच्या आधी लोहचुंबक घ्यायला सांगते. त्या हसतात.

ती पैठणी एका काकूंची. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. नेहमीचं गिऱ्हाईक, बोलायला गोड, पैशाला चोख. पीस ऐंशी सेंटीमीटरचा, म्हणजे साडेएकतीस इंच, दोन्ही कडांना काठ. काकूंची बाही कापायला सोळा इंच रुंद. दोन बाह्या म्हणजे बत्तीस. एका काठात बसत नाही, अर्धा इंच कमी पडतो. म्हणून एका काठातून एक बाही, दुसऱ्यातून दुसरी. उरले साडेपंधरा-साडेपंधरा इंचांचे दोन तुकडे. पाठीला खालून काठ हवा, हा काकूंचा हट्ट. त्याला एकवीस इंच गेले, मधला जोड पोपटाला पोपट जुळवून असा बसवला की शोधून सापडू नये. पाठीच्या डोरीला दोन लटकनं, त्यात चार-साडेचार इंच. राहिले पाच.

हा हिशेब मी इतक्या तपशिलात का देते? कारण त्या दिवशी तो मला कुणी पूर्ण करू दिला नाही.

काकू सकाळी अकराला आल्या, बरोबर त्यांची बहीण. ब्लाउज घालून बघितलं. अंगावर असं बसलं होतं की बहीण म्हणाली, मलाही शिवून घ्यायचंय. ठरलेले एकशे तीस रुपये. काकूंनी पर्स उघडली, शंभराची नोट काढली आणि वरचे तीस शोधता शोधता त्यांची नजर खाली गेली. मशीनच्या पायाशी थोरली बसली होती. तिच्या मांडीवर मिरजेच्या उरुसातून आणलेली प्लॅस्टिकची बाहुली. बाहुलीला हिरव्या अस्तराच्या चिंधीची साडी, आणि खांद्यावरून पदर. पदरावर दोन पोपट.

'हे काय?' काकूंनी बाहुली उचलली. 'हा माझ्या पैठणीचा काठ.'

मी हो म्हटलं. लपवायचं कशाला? उरलेला तुकडा आहे म्हटलं आणि बाह्यांपासून हिशेब सांगायला लागले. सोळा आणि सोळा बत्तीस इथपर्यंत पोचले असेन. काकू बहिणीकडे वळल्या, 'बघ. मी म्हणत होते ना, दोन्हीकडे काठ असून पाठीला जोड कसा आला?'

म्हणजे जोड त्यांना दिसला होता. मला वाटत होतं, शोधून सापडणार नाही.

मग त्या जे बोलल्या ते चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण त्या अगदी मायेनं म्हणाल्या, 'अगं, मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?' आणि बहिणीनं वरून फोडणी दिली, 'जाऊ दे गं. लहान मुलं आहेत घरात, परिस्थिती असते एकेकाची.'

चोर म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता पुढचं. मी वळले आणि थोरलीच्या पाठीत धपाटा घातला. हळू नाही, चांगला बसला. 'किती वेळा सांगितलंय, गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावायचा नाही म्हणून!'

तिनं हात लावलाच नव्हता. आदल्या संध्याकाळी बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या, धाकट्याला ताप होता, तो खांद्यावरून उतरत नव्हता आणि थोरली 'आई बघ ना, आई बघ ना' करत पाठीमागे लागली होती. तेव्हा मीच कात्रीनं तो तुकडा सरळ केला, मीच बाहुलीच्या खांद्यावर टाचला आणि म्हटलं, बघ, पैठणी. आता अर्धा तास मला हाक मारायची नाही. तिनं तास-दीड तास मारली नाही. बाह्या झाल्या.

हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. खोलीत बाकी कुणाला नाही.

ती लगेच रडली नाही. माझ्याकडे बघितलं. मग काकूंच्या हातातून बाहुली घेतली, टाके उसवले, तुकडा मांडीवर ठेवून तळहातानं सारखा केला आणि मी गिऱ्हाइकाचं कापड घडी घालते तशी त्या पाच इंचाची घडी घातली. दोन्ही हातांनी काकूंपुढे धरली.

काकूंनी ती घेतली. पर्समध्ये ठेवली, चेन लावली. शंभराची नोट मशीनवर होती. वरचे तीस त्यांनी दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत. बहिणीचं ब्लाउज अर्थातच आलं नाही.

मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं, ते काकूंना नावं ठेवतात. पाच इंचाचा तुकडा परत घेणारी बाई! पूर्वी मीही हेच म्हणायचे. धपाट्याचं सांगतच नव्हते. 'पोरीनं स्वतःहून तुकडा परत दिला' एवढंच सांगायचे, म्हणजे पोरीचं कौतुकही व्हायचं. पहिल्यांदा खरं सांगितलं ते ह्यांना, तेही सहा-सात वर्षांनी. हे म्हणाले, 'एका धपाट्याचं काय घेऊन बसलीस, आम्ही किती खाल्ले.' पुरुषांशी अशा गोष्टी बोलू नयेत.

शिंपी कापड खातो, हा समज आपल्याकडे मुरलेला आहे. दुकानातल्या मास्तरला कुणी तोंडावर म्हणत नाही. तिथं काउंटर असतो, पावती असते, मास्तरच्या गळ्यात टेप असते. माझ्याही गळ्यात टेप असते, पण माझ्या कमरेवर पोरगंही असतं आणि मागं कुकरची शिट्टी होत असते. मग भाव करायला आणि संशय घ्यायला माणूस मोकळा होतो. मास्तर जितके घेतो त्याच्या निम्मे मी घ्यायचे आणि तरी 'घरीच तर शिवतेस' हे ऐकायचे. घरी शिवते म्हणजे काय धागा झाडाला लागतो?

2023 साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. अठरा धंद्यांच्या यादीत शिंपीही होते. अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसाला 500. गल्लीत एकदम 'फुकट मशीन, फुकट मशीन' झालं आणि बायका फॉर्म भरायला रांगेत. घरातल्या एकालाच मिळतं, म्हणून एका घरात जावा-जावांत भांडण लागलं. योजना वाईट नाही. मलाही चांगलं मशीन मिळालं असतं तर नको होतं असं नाही. पण माझं काम मशीनवाचून कधी अडलं नाही. अडलं ते रोज दुपारच्या दोन तासांवाचून. धाकट्याला कुणीतरी नुसतं धरून बसलं असतं तर तो तुकडा मी बाहुलीला कशाला टाचला असता? दोन तास मूल सांभाळणारी योजना असती, तर तिच्या रांगेत मी रात्रीच जाऊन बसले असते.

असं म्हणते खरी. पण 2011 सालीच, दिवाळीच्या आधी, मार्केटजवळच्या एका दुकानदारानं मला बोलावलं होतं. पीसवर पैसे, बसायला जागा, आणि मागच्याच बोळात एक आजी पाळणाघर चालवायच्या. सगळी सोय. मी 'मुलं लहान आहेत हो' म्हणून नाही सांगितलं. मुलं निमित्त होती. माझ्या तांदळाच्या डब्यात माझे पैसे असायचे, ते किती हे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. कुणाचं काम घ्यायचं, कुणाला 'आठ दिवसांनी या' म्हणायचं, ते मी ठरवत होते. मुलांनी मला अडवलं म्हणून जन्मभर सांगत आले, आणि गरज पडली तेव्हा त्यांच्याच आडोशाला उभी राहिले.

काकूंनी तो तुकडा नेला त्या दिवसापासून मी उरलेली प्रत्येक चिंधी परत देते. बोटाएवढी असली तरी. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी पिशवी, त्यावर नाव, आत मापाचं ब्लाउज, आणि शेवटी कतरण गोळा करून त्याच पिशवीत. कापड आलं की त्यांच्यासमोर मोजते, वहीत इंच लिहिते. शिकायला येणाऱ्या मुलींनाही हेच सांगते. गिऱ्हाइकं म्हणतात, 'अहो, हा कचरा कशाला देता?' काही जणी पिशवी कोपऱ्यावरच झटकून रिकामी करतात. सकाळी झाडून काढते तेव्हा बघते, गटारीच्या कडेला माझी कतरण पडलेली असते. पडू दे. माझ्या घरात नको.

आणि काकू? श्रावणात परत आल्या. चार ब्लाउजपीस घेऊन, जणू काही झालंच नव्हतं. मधे दोन ठिकाणी शिवून बघितलं असणार. न येऊन जातील कुठे? काकूंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे. साधं माप घेऊन शिवलं की गळा एका बाजूला ओढतो आणि उजवी पट्टी घसरते. मी कापतानाच उजवा खांदा तेवढा उतरवते, आणि तो खाली दिसू नये म्हणून आतून कॅनव्हासचा पातळ तुकडा घालते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं, माझ्या हाताला गुण आहे.

नको म्हणायचं मनात होतं. आठ दिवस आधी तर वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, की काकू येतील तर असं म्हणेन. चार पीस म्हणजे पाचशे वीस रुपये. मी पिशवीवर नाव लिहिलं.

थोरली दारात खेळत होती. काकूंचा आवाज ऐकला तशी उठली, बाहुली काखेत मारली, आतल्या खोलीत गेली आणि गादीच्या वळकटीखाली ती सरकवून परत आली. हात मागे बांधून मशीनपाशी उभी राहिली. मी काही सांगितलं नव्हतं.

'शहाणी झाली गं तुझी पोरगी,' काकू म्हणाल्या.

मी हो म्हटलं आणि टेप घेऊन त्यांच्या खांद्याला लावली. उजव्या.